उन्हास मोल नाही, व्याजास आहे

बाजारात कोणता माल येणार हे जसे पावसावर, तसेच त्या मालावर मिळणाऱ्या उचलीवरही अवलंबून असते, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. विजेचेही तसेच आहे. वीज कोळशाची असावी की उन्हाची, याचा निर्णय अभियंत्यापूर्वी बहुधा पैसा पुरविणारा करीत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या बासरवरून वाहणारी गोदावरी पुढे रामगुंडमकडे जाते. तेथील औष्णिक विद्युत् केंद्रास जागतिक बँकेने १९७९ साली व पुढेही कर्ज दिले. त्या जुन्या केंद्राची क्षमता पुढे २६०० मेगावॉट झाली. त्या विजेचे उपकार कोणी नाकारू नयेत. परंतु कोळशाच्या विजेच्या दर युनिटामागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हेही विसरू नये. त्याच बँकेने २०१३ साली, कोळशाच्या केंद्रांस यापुढे क्वचितच कर्ज देऊ, असे ठरविले आणि २०१६ साली छतावरील सौर संचांसाठी भारतीय स्टेट बँकेस ६२.५ कोटी डॉलर मंजूर केले. २०२२ साली रामगुंडमच्याच जलाशयावर १०० मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प उभा राहिला. सूर्य १९७९ सालीही तळपतच होता. बदलली ती संचाची किंमत आणि धनकोची दृष्टी.

कोळशाच्या केंद्रास इंधन रोज विकत घ्यावे लागते. सौर संचास इंधन फुकट, पण सारे भांडवल आरंभीच घालावे लागते. म्हणून व्याजाचा दर हाच उन्हाचा भाव होय. गोदामाच्या छतासाठी १० लाखांचे कर्ज १० वर्षांच्या मुदतीने घेतले, तर ८ टक्क्यांनी मासिक हप्ता सुमारे १२,१३० रुपये पडतो आणि १२ टक्क्यांनी सुमारे १४,३५० रुपये. मुदतीअखेर हा फरक अडीच लाखांहून अधिक होतो. ऊन तेच, छत तेच. एका दराने व्यवहार परवडतो, दुसऱ्याने अंगावर येतो.

शासनास हे उमगले नाही असे नव्हे. १९८७ साली या कामी ‘इरेडा’ ही स्वतंत्र वित्तसंस्था स्थापन झाली. रिझर्व्ह बँकेने २०१५ साली अशा कर्जांस प्राधान्य क्षेत्रात स्थान दिले. त्यांची मर्यादा तेव्हा १५ कोटी होती, ती २०२५ साली ३५ कोटी झाली. तथापि परिपत्रक निघाले म्हणजे लहान आडत्याच्या हाती कर्ज पडले, असे होत नाही. तारण मालावर उचल देण्याची रीत बँकेच्या अंगवळणी पडलेली आहे. तशीच रीत छतावरील संचासाठीही पडली पाहिजे. संच हेच तारण मानावे आणि विजेच्या देयकात जी बचत होईल तीतून हप्ता वळता करावा.

रात्री सूर्य नसतो, म्हणून कोळसा एका दिवसात सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु बँका जो पैसा देतात तो अखेर ठेवीदारांचा, म्हणजे आपलाच असतो. जून २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ज्यांचा पैसा केवळ अशाच कामी लावावयाचा, अशा हरित ठेवी बँकांस स्वीकारता येतात. ठेव ठेवताना आपण व्याज किती, एवढेच विचारतो. आमचा पैसा कोठे लावणार, हेही बंधूंनी यापुढे विचारावे.