न आलेला गुरु

परवां नातवाच्या खोलींतून जो गोंगाट येत होता त्याबद्दल त्याची कानउघाडणी करावी म्हणून मी उठलों, आणि एक गोष्ट ऐकून परतलों. तेव्हांपासून मन अस्वस्थ आहे, म्हणून ती वाचकांपुढें ठेवितों.

लंडनमध्यें १९७६ सालीं 'द डॅम्ड' नांवाचा तरुणांचा एक संच निघाला. 'पंक' नामक उद्दाम पंथांतील हे पहिले शिलेदार. १९७७ च्या फेब्रुवारींत त्यांचा पहिला अल्बम निघाला व गाजला. मग दुसऱ्याचा निर्माता कोण, हा प्रश्न आला. रॉक संगीतांत निर्माता म्हणजे केवळ पैसे पुरविणारा नव्हे. कोणतें वाद्य किती ऐकूं यावें, कोणती चाल टाकून द्यावी, हें सांगणारा तो एक प्रकारें गुरुच. या पोरांनीं नांव काढलें तें सिड बॅरेट याचें.

बॅरेट हा 'पिंक फ्लॉइड' या विख्यात संचाचा मूळ प्राण. १९६७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधील बहुतेक गीतें त्याचींच. पुढें मनाचा तोल ढळला, १९६८ मध्यें संच सुटला, आणि १९७० सालीं स्वतःचे दोन अल्बम काढून तो हळूहळू दिसेनासा झाला. ५ जून १९७५ रोजीं जुने सोबती त्याच्याच आठवणीचें गीत मुद्रित करीत असतां तो अचानक तेथें येऊन उभा राहिला. देह स्थूल, डोक्याचे व भिवयांचे केस काढलेले. प्रथम कोणी त्याला ओळखलेंच नाहीं!

अशा माणसाला आणणें साधलें नाहीं. त्याच्याऐवजीं आला त्याच संचाचा तालवादक निक मेसन. शाखाचंद्रन्यायांत फांदीच्या आधारें चंद्र दाखवितात. येथें चंद्र मागितला आणि फांदी हातीं आली. मेसन अनाडी नव्हे. रॉबर्ट वायट याचा 'रॉक बॉटम' हा १९७४ चा नांवाजलेला अल्बम त्यानेंच घडविला होता. परंतु नोव्हेंबर १९७७ मध्यें निघालेला 'म्युझिक फॉर प्लेझर' चालला नाहीं, आणि थोड्याच महिन्यांत संच फुटला. १९७९ मध्यें तो पुन्हां जुळला व नांवारूपास आला, ही गोष्ट निराळी.

"आजोबा, सिड आला असता तर?" नातवानें विचारलें. मला उत्तर देववलें नाहीं.

निवृत्तीनंतर माझे जुने विद्यार्थी संस्कृत नाटक बसवून द्या म्हणून घरीं आले होते. मीं प्रकृतीचें निमित्त सांगितलें. वस्तुतः प्रकृति ठणठणीत होती. आपल्याला आतां जमेल कीं नाहीं, हीच धास्ती. माझ्या एका स्नेह्यानें तें बसविलें. प्रयोग पडला, आणि सांगावयास लाज वाटते, मला मनांतून बरें वाटलें!

बॅरेटचें न येणें आणि माझें न जाणें एका मापानें मोजतां येणार नाहीं. तो रुग्ण होता. केंब्रिजला परतून चित्रें व बाग यांत त्यानें उरलेलें आयुष्य काढलें, आणि ७ जुलै २००६ रोजीं तेथेंच तो वारला. त्याची शांतता भंगली नाहीं, हेंच योग्य झालें. पण मी धडधाकट होतों. बोलावणें दुसऱ्याला होतें हें जाणूनही मेसन गेला, आणि अपयशाचा वांटेकरी झाला. न आलेल्याचें यश कल्पनेंत वाढतच जातें. आलेल्याचें अपयश मात्र लोक मोजून ठेवितात.

त्या स्नेह्यांकडे उद्यां सकाळीं जाणार आहें. नाटकाचा विषय मीच काढीन.