भाड्याची पावती

गेल्या उन्हाळ्यात घरमालकांनी नळ तोडला. म्हणाले, “खोली खाली करा.” सात वर्षे भाडे भरूनही आईजवळ एक पावती नव्हती. वास्तविक १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे पावती देणे, करार लेखी करून नोंदविणे ही मालकाचीच जबाबदारी. सबळ कारणाविना पाणी तोडता येत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आईला वाचता येत नाही; मला येत असून मी हे वाचले नव्हते! मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिलीच पदवी येणार आहे. ती भिंतीवर टांगण्यापूर्वी आपापल्या वस्तीत हे कायदे वाचून दाखवू या. या महिन्यात आईने पावती मागितली. मालकांनी कुरकुरत का होईना, दिली.