साडेपाच तासांचा सूर्य

सोलरचा प्रश्न परीक्षेत आला की आपण सगळे एकच सूत्र ठोकतो. दिवसाचे वॉट-अवर काढा, साडेपाचने भागा, लॉसेससाठी ०.७५ ने भागा, पॅनल तयार! पैकीच्या पैकी मार्क. मीही मिळवले. आणि त्याच सूत्रावर माझ्या सख्ख्या काकांची गाडी अंधारात घातली.

काकांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात बिछाने, ओटा, छोटा फ्रीज असा संसार मांडला. "तू इंजिनिअर होतोयस ना, मग तूच सांग काय घ्यायचं," म्हणाले. मी ऐटीत शीट बनवली. फ्रीज ५०० वॉट-अवर, पंखा-दिवे-मोबाइल ३००, एकूण ८००. म्हणून २०० वॉटचं पॅनल. बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणून १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर ट्युब्युलर. शीट इतकी देखणी की मी ती सबमिशनलाही लावली!

जुलैत सगळे गुहागरला गेले. आजी सोबत, आणि तिची महिनाभराची इन्सुलिन फ्रीजमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावली, शनिवारी दिवसभर संततधार, आणि रविवारी पहाटे साडेचारला इन्व्हर्टर टीं टीं करत बसला. न उघडलेली इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. काका छत्री घेऊन मेडिकलवाल्याचं दार वाजवायला गेले. त्या भल्या माणसाने शटर उघडून आपल्या फ्रीजमध्ये जागा दिली म्हणून निभावलं. मला फोन आला तेव्हा मी हॉस्टेलवर गाढ झोपेत होतो. काका रागावले नाहीत. "तुझ्या हिशोबात पाऊस होता का रे?" एवढंच विचारलं. (रागावले असते तर बरं झालं असतं.)

पाऊस नव्हता. साडेपाच तास ही आपल्याकडची वर्षाची सरासरी झाली. जुलैत कोकणात ती साडेतीनच्या आसपास येते आणि असा दिवस उगवला तर दीड. २०० गुणिले दीड गुणिले ०.७५ म्हणजे २२५ वॉट-अवर. शिवाय शीटमध्ये इन्व्हर्टर स्वतः काय खातो ते कुठे होतं? फ्रीज २३० व्होल्टचा, म्हणजे इन्व्हर्टर चोवीस तास चालू. नुसता बसून १५ वॉट खाल्ले तरी दिवसाला ३६०. माझ्या सगळ्या पंख्या-दिव्यांपेक्षा जास्त! खर्च खरा बाराशे, जमा सव्वादोनशे. बॅटरीने दुसरी रात्र काढलीच कशी, हेच नवल.

आता आमच्या मजल्यावरचे विद्वान म्हणतात, "सोपंय, ४०० वॉट टाक." टाका की! त्या शनिवारी त्याने ४५० दिले असते. टपावरची जागा आणि पैसे घालवूनही फ्रीज बंदच. माझं मत स्पष्ट आहे. पॅनल सगळ्यात शेवटी काढावं. आधी खर्च छाटावा. फ्रीज १२ व्होल्टचा, थेट बॅटरीवर; इन्व्हर्टर लागेल तेव्हाच. इंडक्शन शेगडी विसरा, अर्ध्या तासात ती दिवसभराच्या सामानाइतकं खाते. असं करून काकांचा खर्च ७५० वर आला. मग बॅटरी, आणि तीही उन्हाशिवायच्या दोन दिवसांची, म्हणजे १५०० ची. लेड-ॲसिडमध्ये एवढ्यासाठी दोन ट्युब्युलर लागतात, शंभर किलोच्या वर ओझं. चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात, माणसं झोपतात त्या डब्यात बाहेर जाणारी नळी नसेल तर त्या नकोतच. लिथियम आयर्न फॉस्फेटची १५० अँपिअर-अवरची एक पुरते. महाग आहे, पण मी तीच सुचवली. लडाखला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की शून्याखाली ती चार्ज करायची नाही.

पॅनल ३०० वॉट, जुलैच्या साडेतीन तासांवर काढलेलं. आणि ढगांसाठी इंजिनाच्या अल्टरनेटरवरून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. दोन तास गाडी चालली की दिवसाचा खर्च भरून निघतो. तीन दिवस एकाच जागी तळ ठोकला तर तोही कामाचा नाही, म्हणून खानावळीत वायर लावता येईल असा साधा चार्जरही घ्यायला लावला. "सोलर गाडी म्हणवतोस आणि वायर लावतोस?" असं एक सर हसून म्हणाले. हो सर, लावतो.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्या प्रोजेक्ट प्रदर्शनात दरवर्षी एखादी अशी गाडी असते. गेल्या वेळी मी पोस्टर वाचलं. तिथेही साडेपाच! परीक्षक सरांना विनंती, निदान व्हायवात "जुलैत काय?" एवढं विचारा.

नवी शीट कोणाला हवी असेल तर रात्री मेसनंतर सी-ब्लॉकला या. जुनीही ठेवली आहे, लाल पेनाने खुणा करून.