धूर मोजा, वय नव्हे!

१ जुलै २०२५ रोजी राजधानी दिल्लीतील पेट्रोल पंपांवर एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळाले. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकीला पेट्रोल द्यावयाचे नाही, असा फतवा निघाला होता. क्रमांकपट्टी वाचणारे कॅमेरे सज्ज होते, बंदोबस्ताला पोलीस उभे होते. ती दुचाकी धूर किती सोडते, हे तपासण्याची सोय मात्र या सगळ्या सरंजामात कोठेही नव्हती. नोंदणी पुस्तकातील तारीख हाच आरोप, हाच पुरावा आणि हाच निकाल!

जनक्षोभ उसळला आणि अवघ्या काही दिवसांत अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचे निर्देश दिले. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र हे संरक्षण ‘बीएस-४’ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरतेच मर्यादित करण्यात आले. वरवर पाहता हा सुवर्णमध्य वाटतो. पण दुचाकीस्वाराच्या पदरात त्यातून काय पडले? दिल्लीत मोटारींना ‘बीएस-४’ मानक २०१० मध्ये लागू झाले. सर्व दुचाकींना ते लागू झाले २०१७ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षांची मोटार या छत्राखाली येऊ शकते, पण पंधरा वर्षांची मोटारसायकल तेथे येणे सर्वसाधारणपणे शक्यच नाही. निवाडा सर्वांना सारखा. फळ मात्र चारचाकीवाल्याला!

प्रदूषणाचा प्रश्न खोटा आहे, असे कोणीही सुजाण नागरिक म्हणणार नाही. दुचाकी त्या बाबतीत निष्पाप आहे, असेही नाही. दिल्लीच्या हवेचा आयआयटी कानपूरने केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहनांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांत सुमारे ४६ टक्के वाटा मालमोटारींचा आणि ३३ टक्के वाटा दुचाकींचा, असे त्यात आढळले. परंतु त्याच अभ्यासानुसार हवेतील एकूण सूक्ष्म धूलिकणांत सर्व वाहनांचा मिळून वाटा सुमारे २० टक्के होता, तर रस्त्यावरील धुळीचा सुमारे ३८ टक्के. रस्ते धुळीने माखलेले ठेवणाऱ्या नगरपालिकेच्या कारभाराला वयाची अट नाही आणि त्याच्या दारात कॅमेराही नाही. कॅमेरा आहे तो कारकून, फेरीवाला, दूधवाला आणि शिकवणीला जाणारा विद्यार्थी ज्या दुचाकीवर बसतो, तिच्यापुढे.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

गेल्या पंचवीस वर्षांत दुचाकीस्वाराने पर्यावरणासाठी काहीच सोसले नाही काय? २०००, २००५, २०१०, २०१७ आणि २०२० अशी एकामागून एक मानके आली. मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना साथ देणारी टू-स्ट्रोक इंजिने इतिहासजमा झाली. ‘आरएक्स-१००’ आज केवळ शौकिनांच्या आठवणीत आणि जुन्या बाजारात उरली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशाने पाचवी पायरी ओलांडून थेट ‘बीएस-६’ स्वीकारले. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. कार्बोरेटर जाऊन इंधन-अंतःक्षेपण प्रणाली आली आणि दुचाकींच्या किमती हजारोंनी वाढल्या. ती वाढ ग्राहकाने निमूटपणे मोजली. जगातील अनेक देशांना जे टप्प्याटप्प्याने साधले, ते भारताने एका उडीत साधले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या उडीची किंमत कोणी चुकती केली, याचा विसर पडता कामा नये.

याउलट उत्पादकांकडे पाहावे. ‘बीएस-३’ वाहनांची विक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद होईल, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी दिला. त्या वेळी कंपन्यांकडे न विकलेली सुमारे ८ लाख वाहने पडून होती. त्यांपैकी ६ लाख ७० हजारांच्या आसपास दुचाकी होत्या. नवे मानक येणार हे ठाऊक असूनही जुन्या मानकांची वाहने तयार होतच राहिली. मग अखेरच्या दोन दिवसांत हजारो रुपयांच्या सवलतींचा पाऊस पडला आणि दुकानांसमोर रांगा लागल्या. त्या दुचाकी कायदेशीर मार्गानेच रस्त्यावर आल्या. उद्या त्यांची पंधरा वर्षे भरतील, तेव्हा गुन्हेगार ठरेल तो मात्र त्या विकत घेणारा!

कागदी शुद्धता

रस्त्यावर धावणाऱ्या वाहनांची तपासणी होते ती ‘पीयूसी’च्या माध्यमातून. दुचाकी जागच्या जागी सुरू ठेवायची, नळकांड्यात नळी घालायची आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण पाहायचे, एवढीच ती परीक्षा. ज्या सूक्ष्म कणांच्या नावाने वयोमर्यादेचा बडगा उगारला जातो, ते कण या चाचणीत मोजलेच जात नाहीत. शिवाय अनेक ठिकाणी गाडीपेक्षा तिचा क्रमांकच अधिक तपासला जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

अशा कागदाला अवास्तव महत्त्व दिले की काय होते, याचाही धडा देशाने घेतला आहे. ‘पीयूसी’ नसेल तर विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश १० ऑगस्ट २०१७ रोजी झाला. हेतू शुद्ध होता; परंतु मोठ्या संख्येने वाहने विम्याविनाच धावत असल्याचे चित्र समोर आले. अपघातग्रस्तांच्या भरपाईवरच गदा येऊ लागल्यावर २६ जुलै २०२४ रोजी न्यायालयाला ती अट मागे घ्यावी लागली. हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली अपघातग्रस्ताचे कुटुंब निराधार व्हावे, याला काय म्हणावे?

महाराष्ट्रातील तऱ्हा आणखी निराळी. २०१० साली आणलेल्या पर्यावरण कराने पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठी पाच वर्षांचे २,००० रुपये ठरविले. म्हणजे दिल्लीत जी दुचाकी भंगार ठरते, ती पुण्यात वा नाशकात कर भरला की ‘पावन’ होते! धूर तोच, देश तोच.

कानाने मोजलेला आवाज

आवाजाच्या बाबतीत तर अनागोंदीच आहे. दुचाकीच्या आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी आहे. नव्या मॉडेलला मान्यता देताना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्था मोकळ्या धावपट्टीवर, ठरावीक अंतरावर मापक ठेवून शास्त्रशुद्ध चाचणी घेतात. आणि रस्त्यावर? तेथे बहुधा चौकातील हवालदाराचा कान हेच मापक! कलम १९०(२) अन्वये दंड १० हजार रुपयांपर्यंत, शिवाय तीन महिन्यांपर्यंतचा कारावासही होऊ शकतो. एवढी कठोर शिक्षा ज्या मोजमापावर द्यावयाची, ते मोजमाप नोंदले तरी जाते काय?

फटाके फोडत रुग्णालयासमोरून बुलेट नेणाऱ्या उनाडांची येथे मुळीच वकिली नाही. त्यांना जरब बसलीच पाहिजे. परंतु रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडून छायाचित्रे काढणे म्हणजे कायद्याचे राज्य नव्हे. तेच सायलेन्सर राजरोस विकले जातात, भर बाजारात बसवून दिले जातात. बनविणारा आणि विकणारा मोकळा, गिऱ्हाईक तेवढे गजाआड, असा न्याय किती दिवस चालणार?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेल्या भंगार धोरणाचे तत्त्व योग्यच आहे. वाहनाची स्वयंचलित केंद्रात चाचणी व्हावी आणि जे अनुत्तीर्ण होईल ते बाद ठरावे. हेच तत्त्व दुचाकीला प्रामाणिकपणे लावावे. तालुक्या-तालुक्यात विश्वासार्ह तपासणी केंद्रे उभी राहावीत. वाहतूक पोलिसांच्या हाती प्रमाणित ध्वनिमापक असावा आणि दंडाच्या पावतीवर आकडा छापला जावा. नियमबाह्य सायलेन्सरचा कारखाना आणि दुकान यांच्यापासून कारवाईला आरंभ व्हावा. जो धूर सोडेल त्याला खुशाल दंड करावा. जो दहा-पंधरा वर्षे गाडी निगुतीने राखतो, त्याला मात्र गुन्हेगार ठरवू नये. जुनी वस्तू जपून वापरणे हा या समाजाचा संस्कार आहे आणि पर्यावरणरक्षणाचाही तो एक मार्ग आहे.

नागरिकांचेही कर्तव्य तितकेच मोठे आहे. वेळच्या वेळी तेल बदलणे, कंपनीचा सायलेन्सर न काढणे, घरातल्या तरुणाने काढला तर तो परत बसवायला लावणे, यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ही शिस्त समाज स्वतःहून पाळेल, तेव्हाच शासनाला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार त्याला मिळेल. आणि तो जाब विचारलाच पाहिजे. शिक्षा करण्याचा अधिकार शासनाला आहे; पण तराजू हाती न घेता माप टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही!