थोडक्या प्रती

ह्या वार्षिकासाठीं लेख मागावयास मी वर्गांत गेलों, तेव्हां एका हुशार विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, आपलें वार्षिक छापून छापून किती छापणार? चार-पांचशें प्रती! त्या वाचणार कोण? तेवढ्यासाठीं इतके कष्ट कां घ्यावे?" वर्गांत हशा पिकला. मीही हंसलों, परंतु तो प्रश्न मनांतून जाईना. एखादें गाणें एका रात्रींत लाखों लोकांपर्यंत पोंचतें अशा काळांत जो मुलगा वाढला, त्याला पांचशें ही संख्या क्षुल्लक वाटावी यांत नवल नाहीं. त्याला उत्तर म्हणून कॅनडा देशांतील एका वाद्यवृंदाची हकीकत सांगतों.

माँट्रियल शहरांतील ह्या वाद्यवृंदाचें नांव 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' असें आहे. रॉक संगीत म्हटलें कीं गाणारा पुढें आणि वाजविणारे मागें, अशी आपली समजूत असते. येथें गाणाराच नाहीं. गिटार, व्हायोलिन, चेलो आणि ढोल ह्यांचे स्वर हळूहळू चढत जातात, पुन्हा ओसरतात; मध्येंच कोणाचें तरी बोलणें, रस्त्यावर मोठ्यानें उपदेश करणाऱ्या एखाद्या मनुष्याचा आवाज ऐकूं येतो. अशा संगीताला गिऱ्हाईक किती मिळणार? 1994 सालीं त्यांनीं पहिली कॅसेट काढली, तिच्या प्रती होत्या अवघ्या 33. आपल्या एका वर्गांत वांटावयासही त्या पुरल्या नसत्या!

पुढें 1997 सालीं त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली. ती काढणारी 'कॉन्स्टेलेशन' ही संस्थाही त्याच शहरांतली आणि त्याच वर्षीं सुरू झालेली. तबकडीचें नांव म्हणजे दोन स्वरांचीं अक्षरें व त्यांपुढें अनंताचें चिन्ह. प्रथम सुमारें 500 प्रती निघाल्या. तबकडी छापण्याचा सांचा करण्यास जो खर्च येतो, तो शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना सारखाच. म्हणून थोड्या प्रती काढणाराला प्रत्येक प्रत महाग पडते, आणि पुष्कळ काढाव्या तर खपण्याची खात्री नसते. अशा वेळीं मनुष्य सहज म्हणतो, 'वेष्टन तरी साधेंच असूं द्या.' ह्या लोकांनीं तसें म्हटलें नाहीं. त्यांनीं वेष्टनें हातानें तयार केलीं. प्रत्येकावर छायाचित्र चिकटविलें. आंत छापील कागद घातले, आणि त्यांबरोबर आगगाडीखालीं चिरडून चपटें झालेलें एक पेनीचें नाणें ठेवलें. (हा प्रयोग आपल्या स्टेशनाजवळ कोणीं करूं नये!) गाडीखालीं सांपडलेलीं दोन नाणीं कधीं सारखीं चपटीं होत नाहींत, म्हणून प्रत्येक ऐकणाराच्या हातीं आलेली वस्तु दुसऱ्या कोणापाशींही नव्हती.

त्या तबकडीची आणखी एक गंमत आहे. तबकडीवरची खांच बाहेरून आंत वळत जाते, आणि ती संपली कीं संगीत संपतें. येथें दुसऱ्या बाजूच्या अखेरीस ती खांच स्वतःलाच मिळून वर्तुळ बनते. सुई तेथेंच फिरत राहते, आणि ऐकणारा उठून ती हातानें उचलीपर्यंत ध्वनि थांबत नाहीं. नांवांतलें अनंताचें चिन्ह उगीच घातलेलें नाहीं!

आतां कोणी म्हणेल कीं, थोड्या प्रती काढणें ही किंमत वाढविण्याची युक्ति असते. अशी युक्ति करणारे आहेत, हें मला मान्य आहे. दुर्मिळ तबकडी मिळवून ती एकदांही न ऐकतां कपाटांत कुलूपबंद करणारे शोकीनही आहेत. अशा दुर्मिळतेचें कौतुक मला नाहीं. परंतु ह्या वाद्यवृंदानें दुर्मिळतेला भूषण मानलें नाहीं. 1998 सालीं त्याच संगीतांत भर घालून 'क्रँकी' ह्या अमेरिकन संस्थेमार्फत त्याची सीडी निघाली. मूळ तबकडीच्याही पुढें नव्या प्रती निघत राहिल्या. आणि त्या 33 कॅसेटींवरचें संगीत 2022 सालीं त्यांनीं इंटरनेटवर सर्वांस खुलें केलें. ह्यावरून माझें मत असें झालें आहे कीं, प्रती थोड्या असणें ही परिस्थिति होती. त्या जिवापाड मेहनतीनें करणें ही निवड होती. परिस्थिति आपल्या हातीं नसते, निवड असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुढें त्यांना कीर्ति मिळाली, 2013 सालीं कॅनडांतील नामांकित पोलारिस पारितोषिकही मिळालें, म्हणूनच त्या जुन्या प्रतींविषयीं आज आपण बोलतों! हें खरें आहे. पण 1997 सालीं जो मनुष्य एकेका वेष्टनावर छायाचित्र चिकटवीत बसला, त्याला पुढचीं सोळा वर्षें दिसत नव्हतीं. त्याच्यासमोर होतें एक वेष्टन, आणि तें उघडणारा एक अपरिचित मनुष्य. पारितोषिक मिळालें नसतें तरी तें काम तितकेंच चांगलें ठरलें असतें.

पालकांनाही माझी एक विनंति आहे. मुलानें कांहीं लिहिलें, काढलें किंवा वाजविलें, तर 'किती जणांना आवडलें?' असें प्रथम विचारूं नये. 'तूं त्यांत काय घातलेंस?' असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल लोकांच्या तोंडांकडे पाहूं लागतें. दुसऱ्यानें तें आपल्या कामाकडे पाहूं लागतें.

आणि विद्यार्थी मित्रहो, हें वार्षिकही थोडक्या प्रतींचेंच आहे. ज्याच्या हातीं एक प्रत पडेल, त्याच्यापुरतें तेंच संपूर्ण वार्षिक. त्या एका वाचकाला शुद्ध, विचारपूर्वक आणि मनापासून लिहिलेलें कांहीं देणें आपल्या हातीं आहे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्यानें अखेर लेख दिला कीं नाहीं, तें जिज्ञासूंनीं अनुक्रमणिकेंत पाहावें.