उत्तर हाती आल्यावर

पोस्टग्रेसच्या सर्व्हरवर 5432 हे पोर्ट फक्त एका अ‍ॅप सर्व्हरसाठी उघडायचे आहे. तो अ‍ॅप सर्व्हर क्लाउडच्या एपीआयला सांगून नुकताच उभा केला आहे. त्याचा आयपी एपीआयच्या उत्तरात येतो आणि अँसिबलच्या पुढच्या टास्कमध्ये आयपीटेबल्सच्या नियमाला ‘सोर्स’ म्हणून द्यायचा असतो. चाचणीच्या वेळी प्लेबुक इथेच अडत होते, म्हणून कोणीतरी त्या ओळीत ‘डिफॉल्ट ओमिट’ घालून ठेवले. पुढे एखाद्या दिवशी उत्तरात आयपी आलाच नाही, तर ‘सोर्स’ हा पॅरामीटरच गळून पडतो आणि डेटाबेसचे दार साऱ्या जगाला उघडे होते. प्लेबुक मात्र शेवटपर्यंत चालते. लाल ओळ एकही दिसत नाही.

आमच्या मते आजच्या ऑटोमेशनमधली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच आहे: एका टास्कला मिळालेले उत्तर दुसऱ्याच्या हाती पडते तो क्षण. पॅकेजच्या किंवा फाइलच्या मॉड्यूलला शेवटची स्थिती कशी हवी ते ठाऊक असते, त्यामुळे तोच टास्क दहादा चालवला तरी बिघडत नाही. यूआरआय मॉड्यूलचे तसे नाही. ते कॉल करते, कोड बघते आणि मोकळे होते. कोणता कोड चालेल हे सांगितले नाही तर त्याला 200 एवढाच मान्य असतो. पोस्ट कॉलला बरेच एपीआय 201 देतात. अशा वेळी तिकडे वस्तू तयार झालेली असते आणि इकडे टास्क फेल दिसतो. माणूस साहजिकच प्लेबुक पुन्हा चालवतो, आणि तिकडे दुसरी वस्तू तयार होते.

म्हणून अनुभवी मंडळी आधी गेट करतात, 200 आणि 404 दोन्ही कोड मान्य ठेवतात आणि 404 आला तरच पोस्ट करतात. पद्धत योग्यच आहे, पण तिच्यातही एक खड्डा आहे. दोन्ही टास्कना ‘रजिस्टर’साठी एकच नाव दिले, तर वस्तू आधीपासून असताना पोस्टचा टास्क वगळला जातो आणि तरीही त्या नावात स्वतःचा निकाल लिहून जातो. ‘स्किप्ड’ एवढीच खूण त्यात उरते. गेटने आणलेला आयडी पुसला जातो. पुढचा टास्क ‘जेसन’ हा भागच नाही म्हणून तक्रार करतो आणि शोध भलत्याच ओळीत सुरू होतो. दोन टास्कना दोन नावे द्यावीत आणि तिसऱ्या, ‘सेट फॅक्ट’च्या टास्कमध्ये कोणते उत्तर धरायचे ते ठरवावे. ओळी वाढतात, वाढू द्याव्यात. चेक मोडमध्येही यूआरआयचा टास्क वगळलाच जातो; ‘चेकमध्ये फुटते, खऱ्यात चालते’ या तक्रारीचे मूळ बहुधा तिथेच असते.

‘रन वन्स’बद्दलचा गैरसमज याहून महागात पडतो. ते लावलेल्या टास्कचे उत्तर सगळ्या होस्टना मिळते, ही त्याची मोठी सोय. पण प्लेमध्ये ‘सीरियल’ लावले की तोच टास्क प्रत्येक तुकडीसाठी एकदा चालतो. वीस सर्व्हर पाच-पाचच्या तुकड्यांत घेतले, तर लोड बॅलन्सर बनवण्याचा कॉल चारदा जातो. असा कॉल लोकलहोस्टवरच्या वेगळ्या प्लेमध्ये ठेवावा आणि पुढच्या प्लेने त्याचे उत्तर ‘होस्टव्हार्स’मधून घ्यावे.

आता 202. या कोडचा अर्थ विनंती स्वीकारली, काम अजून झालेले नाही, असा आहे. नव्या सर्व्हरच्या उत्तरात त्या वेळी आयडी असतो, पण आयपीची यादी रिकामी असू शकते. इथे ‘पॉज’ टाकून साठ सेकंद थांबणे हा उपाय नव्हे. क्लाउड ज्या दिवशी सावकाश चालेल त्या दिवशी तो फसेल. आयडी घेऊन पुन्हा गेट करावे आणि ‘अनटिल’मध्ये आपल्याला खरोखर जे हवे तेच लिहावे, म्हणजे स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे आणि यादीत निदान एक पत्ता आहे. ‘रिट्राइज’ आणि ‘डिले’ही स्वतः ठरवावेत. न सांगता मिळणारे तीन प्रयत्न आणि पाच सेकंद सर्व्हर उभा राहायला सहसा पुरत नाहीत.

एवढे झाल्यावर लगेच, त्याच जागी, ‘असर्ट’ हवा. आयपी आला आहे का, तो रिकामा तर नाही, आपल्या नेटवर्कमधला आहे का, हे तिथेच तपासावे आणि ‘फेल मेसेज’मध्ये रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या सहकाऱ्याला समजेल असे वाक्य लिहावे. मग हवी तेवढी दोन-तीन मूल्ये नीट नावांनी पुढे न्यावीत. अख्खे उत्तर दहा टास्कपर्यंत ओढत नेले, की एपीआयच्या रचनेतला एक बदल दहा ठिकाणी फुटतो. ‘डिफॉल्ट’ फिल्टर जिथे मूल्य नसणे खरोखर चालते तिथेच वापरावा. आयपी, आयडी आणि टोकन या तिन्हींना तो कधीही लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टोकनचे आणखी एक सांगायला हवे. ते आणणाऱ्या टास्कला ‘नो लॉग’ लावायचे बहुतेकांच्या लक्षात राहते. ते वापरणाऱ्या टास्कचे राहत नाही. ‘व्ही’ तीनदा लावून चालवलेल्या प्लेबुकच्या लॉगमध्ये हेडर जसेच्या तसे उतरतात, आणि पाइपलाइनचे लॉग पुष्कळ लोक वाचतात.

2025 मध्ये आलेल्या अँसिबल-कोर 2.19 मध्ये ‘व्हेन’च्या अटीचा निकाल खरोखर हो किंवा नाही असाच यावा लागतो. नुसते आयडीचे नाव लिहायचे आणि तो रिकामा नसला की अट खरी समजायची, हे आता चालत नाही. अशी ओळ एरर देते. जुनी वागणूक चालू ठेवणारी सेटिंगही दिलेली आहे. अपग्रेडच्या धावपळीत तिचा आधार घेणे समजू शकते, पण ती कायमची चालू ठेवू नये अशी आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे. जिथे अपग्रेड अडतो ती प्रत्येक ओळ उघडून पाहा. एपीआयच्या उत्तराबद्दल कोणी काय गृहीत धरले होते ते तिथे दिसेल, आणि राहून गेलेला ‘असर्ट’ कुठे लिहायचा तेही कळेल.