फिरत्या बिऱ्हाडांतून : कोडी गांवचा एक दिवस

अमेरिकेच्या वायोमिंग संस्थानांतील कोडी या गांवीं आमचें बिऱ्हाड एक दिवस मुक्कामास होतें. बिऱ्हाड म्हणजे खोलीएवढी मोटार. चूल, मोरी, अंथरुणें सर्व तिच्या पोटांत. इकडे तिला आरव्ही म्हणतात. मेज लहान, म्हणून सहा माणसांच्या दोन पंगती कराव्या लागतात, आणि तरीही कोणाचें कोपर कोणाच्या ताटांत जाईल याचा नेम नसतो. गांव दिसलें कीं मंडळी आनंदानें खालीं उतरतात!

हा गांव १८९६ च्या सुमारास विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल यानें वसविला. रेल्वेच्या मजुरांना मांस पुरवितांना आपण ४,२८० गवे मारले असें तो सांगे. पुढें १८८३ पासून तेच गवे आणि तेच इंडियन लोक खेळांत दाखवून त्यानें कीर्ति मिळविली. १८८५ सालीं खुद्द सिटिंग बुल हा वृद्ध सरदार त्या खेळांत मिरविला गेला. मुलीच्या नांवानें बिलनें १९०२ सालीं उघडलेलें इर्मा हॉटेल पाहून आम्ही संग्रहालयांत गेलों. बंदुकांच्या दालनांत पुरुषमंडळी रमली. आमच्या घरच्या स्त्रियांचा पाय निघेना तो इंडियन लोकांच्या दालनांतून, मण्यांनीं मढविलेल्या पाळण्यांपासून.

दुपारीं पॉवेलच्या वाटेवरील हार्ट माउंटन येथें गेलों. गांवापासून पंधरा मैलांच्या आंत हें स्थळ आहे. परंतु बफेलो बिलाच्या तमाशाचा येथें मागमूसही नाहीं. जपानशीं युद्ध जुंपल्यावर, १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या नोव्हेंबरपर्यंत, जपानी वंशाच्या दहा हजारांवर माणसांना येथें कांटेरी तारांच्या आंत ठेविलें होतें. त्यांतील सुमारें दोन तृतीयांश अमेरिकेंतच जन्मलेलीं, तेथील नागरिक. अपराध कोणावरही शाबीत झालेला नव्हता. मूळची एक बराक आतां जागेवर परत आणून ठेविली आहे : १२० फूट लांब, २० फूट रुंद, आंत सहा खोल्या, कुटुंबास एक खोली. थंडीचा वारा फटींतून आंत येई. पण आमच्या मनास लागलें तें निराळेंच. खोलींत चूल नाहीं. जेवण सार्वजनिक भोजनगृहांत, रांगेनें. हळूहळू मुलें आपल्या सोबत्यांच्या बाकावर जेवूं लागलीं, वडील माणसें वेगळीं बसूं लागलीं. कुटुंबाची पंगत मोडली ती अशी. एकत्र घरांत वाढलेल्या वाचकांस याचा अर्थ समजावून सांगणें नको.

कोडीच्या बालवीरांचें एक पथक त्या काळीं छावणींतल्या बालवीरांना भेटावयास गेलें होतें. त्या पथकांतील अॅलन सिम्पसन आणि कुंपणाआंतला नॉर्मन मिनेटा यांची तेथें एका तंबूंत गट्टी जमली. पुढें सिम्पसन सेनेटर झाला, मिनेटा प्रतिनिधिगृहांत गेला. आणि १९८८ सालीं सरकारनें माफी मागून हयात बंदिवानांस प्रत्येकीं २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला, त्यास दोघांचाही हातभार लागला. त्यांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

रात्रीं बिऱ्हाडांत पिठलें-भात केला. धाकट्या सूनबाईंनीं कोणास न विचारतां सहाही पानें एकदमच वाढलीं. आमच्या ताटांत कोपर आलेंच.